वरच्या कडेचा डाग

४ फेब्रुवारी

मुंगे,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढे सगळं काम आहे आणि कामाच्या भरात मी ते विसरते.

नव्या नोकरीला तीन महिने झाले तुला, पण तुझ्या पत्रांत यंत्राशिवाय दुसरा विषय नाही. यंत्राचा दाब, यंत्राचा कॉलम, यंत्र आज रुसलं, यंत्र काल हसलं. तुझा बाप म्हणतो, पोरगी वेळेवर जेवते का हे आता यंत्रालाच विचारावं लागणार.

आमच्याकडे असलं काही नाही हे तुला ठाऊक आहे. औषधाच्या कारखान्यामागच्या त्याच दोन खोल्या, झाकणाच्या चार काचेच्या बरण्या, प्लेटांचा खोका, आणि तपासणीच्या खुर्चीत मी. परवा दादाला, तुझ्या बापालाच, समजावत होते की त्याच्या बहिणीने एकतीस वर्षं नेमकं काय केलं. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पांढऱ्या पुडीचा पातळ थर, ही प्लेट. तळाशी पेन्सिलीची रेघ, रेघेवर औषधाचा थेंब. पत्रा बरणीत उभा केला की तळाचं सॉल्व्हंट, म्हणजे औषध विरघळवणारा द्रव, थरातून वर चढतं आणि औषधातला एकेक घटक आपापल्या उंचीवर सोडत जातं. मग फवारा मारून तापवायचं, की डाग उमटतात. दादा म्हणाला, "म्हणजे एकतीस वर्षं डाग मोजलेस?" भाऊ आहे म्हणून ऐकून घेतलं.

तर डागाबद्दलच लिहायचं आहे. लहान मुलांच्या तापाच्या गोळ्यांची नवी बॅच आली. प्लेटवर औषधाचा डाग जिथे हवा तिथे आहे. पण पार वर, सॉल्व्हंट जिथे थांबलं त्या कडेला, एक फिकट तपकिरी डाग उमटला. तो तिथे असायचं काही कारण नाही. मी बॅचवर सही केली नाही. मालक म्हणाले, रुग्णालयाची मागणी आहे, गाडी दारात उभी आहे, आणि तुम्ही एका डागासाठी अडून बसलात. शेवटी त्यांनी नमुना बाहेर तपासून घ्यायचं ठरवलं, आणि तो तुमच्या प्रयोगशाळेत येतो आहे. तुझ्या टेबलावर आला तर मला ओळखू नकोस. जे निघेल तेच लिही.

प्लेट कापून सोबत ठेवली आहे, वर पारदर्शक कागद चिकटवलाय. फोन करू नकोस. कामाचं बोलणं मला कागदावरच लागतं.

आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमुना माझ्याच टेबलावर आला आणि मी तुला ओळखलं नाही. शपथेवर सांगते, सहा वेळा यंत्रात घातला. दर वेळी एकच शिखर, सरळ, नाकासारखं टोकदार. शुद्धता नव्याण्णव पूर्णांक सात टक्के. आलेखाची प्रत सोबत आहे. रिपोर्टवर परवाच सही केली. माझी इथली पाचवी सही. अजून प्रोबेशन आहे, त्यामुळे सहीआधी प्रत्येक आकडा दोनदा वाचते. या वेळी मात्र एकदाच वाचला, इतका आलेख स्वच्छ होता.

तू रागावशील, पण तुझी पद्धत आणि माझी पद्धत यांत फरक आहे तो मान्य कर. तुझ्या प्लेटवर डाग आहे की नाही एवढं कळतं. तो किती, हे तू फिकट, मध्यम, गडद असं सांगतेस, आणि तुझं फिकट दुसऱ्या कुणाचं मध्यम असू शकतं. माझ्याकडे पंप औषधाला दाबाने कॉलममधून ढकलतो. आतल्या बारीक पुडीत घटक एकमेकांपासून सुटे होतात, बाहेर पडताना अतिनील दिव्यासमोरून जातात, आणि यंत्र हजारात एक भागसुद्धा मोजून देतं.

तुझी प्लेट खिडकीशी धरून पाहिली. वर काहीतरी आहे खरं. पण आत्या, ते बोट तर नाही ना लागलेलं? आठवतं, तुझ्याकडे शिकायला आले त्या पहिल्या सुट्टीत मी प्लेट मधोमध धरली, तापवल्यावर माझी पाचही बोटं उमटली, आणि तू ती प्लेट महिनाभर भिंतीवर टांगून ठेवलीस. बोटाच्या तेलकटपणाचाही असाच डाग येतो, हे तूच शिकवलंस.

आणखी एक. तुझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? ओळी उजवीकडे डोंगर चढताहेत. कागदाच्या कोपऱ्यात ओल्या शाईत तुझा अंगठा उमटलाय, बरणीच्या झाकणाने कापलं होतं ती आडवी खूणसुद्धा स्पष्ट दिसते. चष्म्याचा नंबर तपासून घे.

तुझी,
मुंगी


१५ फेब्रुवारी

मुंगी,

अक्षर मोठं आहे कारण पेन नवं आहे आणि जाड वाहतं. चष्म्याचं मी बघेन.

बोट! मला! एकतीस वर्षांत मी प्लेटला कडेशिवाय हात लावलेला नाही. तुझी पाच बोटं भिंतीवर टांगली ती तुला अक्कल यावी म्हणून. ती तू माझ्यावरच चालवावीस म्हणून नाही.

आमच्या खोलीचा नियम विसरलीस वाटतं. प्लेट दोघांनी वाचायची. एकीने दुसरीला न सांगता, वेगवेगळ्या चिठ्ठीवर प्लेटचं चित्र काढायचं आणि डाग दिसेल तिथे गोल करायचा. चिठ्ठ्या जुळल्या तरच वहीत नोंद आणि माझी सही. या बॅचचीही चिठ्ठी झाली आहे. तू सुट्टीत इथे असायचीस तेव्हा दुसरी चिठ्ठी तू करायचीस. एरवी बाटलीमावशी करते. तीच, बाटल्या धुणारी, जी तुला प्रत्येक परीक्षानळी दोनदा धुवायला लावायची.

तुझा रिपोर्ट मालकांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. नव्याण्णव पूर्णांक सात म्हणताना आवाज चढला होता. मग मला म्हणाले, "बाई, आता तरी?" मी नाही म्हटलं. त्यांनी मला अठ्ठावीस तारखेपर्यंत वेळ दिला आहे. सही करायची, नाहीतर खोलीची किल्ली परत ठेवायची. नवा माणूस बघून ठेवलाय म्हणे.

आता नीट वाच. प्लेटवर मी जे ठेवलं ते सगळं प्लेटवरच असतं. कुणी पुढे पळतं, कुणी मागे बसून राहतं, पण प्लेट सोडून कुणी जात नाही. तुझ्या कॉलममधून जे बाहेर येईल तेवढंच तू बघणार. जे आतच ठाण मांडून बसलं त्याचं काय? आणि बाहेर आलं, पण तुझ्या दिव्याला दिसतच नसेल तर? तुझी ती टेकडी टोकदार आहे यात शंका नाही. मी विचारतेय ते टेकडीमागच्या सपाट मैदानाबद्दल.

आत्या


२० फेब्रुवारी

आत्या,

दोन दिवस तुझं पत्र उघडून बंद करत होते.

मी आमच्या विभागाच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, या गोळ्यांसाठी मंजूर झालेली पद्धत हीच आहे, आपण पद्धतीप्रमाणे केलं, विषय संपला. त्या गोळ्यांच्या कारखान्यात माझी आत्या आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. खरं तर नमुना आला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. आता रोज उद्या सांगेन म्हणते.

मग बाबांना फोन केला. तू त्यांना काही बोललीस का, असं सहज विचारायला. ते म्हणाले, गेल्या महिन्यात तू घरी आली होतीस तेव्हा चहा कपाऐवजी बशीत ओतलास, आणि हसून म्हणालीस की लक्ष नव्हतं. जाताना बाहेरच्या काचेच्या दारावर आपटलीस. कपाळाला टेंगूळ आलं, आणि कुणाला सांगायचं नाही असं बजावलंस. बाबांनी तुझा शब्द तीन आठवडे पाळला. त्यांच्या मानाने हे पुष्कळ झालं.

म्हणून सरळच विचारते. तुला दिसतंय का? ओळी डोंगर चढताहेत, शाई ओली आहे की सुकली हे तुला कळत नाही, आणि मी सहा वेळा तपासून न सापडलेला फिकट डाग मात्र तुला दिसतो? मला भीती वाटते की जे नाही ते तुला दिसतंय, आणि त्यापायी तू एकतीस वर्षांची खुर्ची घालवून बसशील. सही कर आत्या. आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी येते सोबत.

मुंगी


२४ फेब्रुवारी

मुंगे,

तू विचारलंस आणि मला हायसं वाटलं. आठ महिन्यांत सरळ विचारणारी तू पहिलीच.

नाही दिसत. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, त्या बाजूने जग दुधाच्या काचेतून दिसतं. डावाही त्याच वाटेवर आहे. पायऱ्या, दारं, माणसांचे आकार दिसतात. गडद डाग, तुझी काळी शाई दिसते. फिकट डाग, चिठ्ठीवरची पेन्सिल दिसत नाही. तो तपकिरी डाग मी पाहिलेला नाही, बाटलीमावशीने पाहिला. आठ महिने चिठ्ठ्या दोन असायच्या, पण डोळे एकच जोडी. ती चिठ्ठी काढायची, मी तिच्या हाताकडे कान लावून बसायचे, पेन्सिल कागदावर कुठे आणि किती वेळा गोल फिरली ते ऐकायचे, आणि माझी चिठ्ठी तशीच करायचे. नियम मीच केला आणि मीच मोडला. ती ओळखून होती का, देव जाणे. बोलली कधीच नाही.

का लपवलं, हे तू विचारशील. ऑपरेशन करायचं तर महिनाभर खुर्ची सोडायची. आणि डोळे गेलेली तपासनीस म्हटल्यावर परत कोण बोलावणार? मला घाबरायला झालं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं शोधलं पण सापडलं नाही.

पण म्हणून डाग खोटा ठरत नाही. तू म्हणतेस, जे नाही ते मला दिसतंय. अगं, मला जे आहे तेच दिसत नाही, तर नसलेलं कुठून दिसायचं! मावशीला मी काल विचारलं, असा वर पळणारा डाग कशाचा असेल तुला काय वाटतं? ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "मिक्सर गळतो ना बाई. खाली जमिनीवर तेल पडतं, मी रोज पुसते. खाली पडतं तर आत पडत नसेल कशावरून?" इतके दिवस का नाही सांगितलंस म्हटलं, तर म्हणे, "फरशीबद्दल मला कोण विचारतं?"

तिने मिक्सरच्या गिअरखालचं तेल कापसावर टिपून आणलं. बाटलीत बंद करून पाठवते आहे. माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. तिच्या डोळ्यांवर ठेवून बघ. वाटलं तर तिच्याही नको, तुझ्याच ठेव.

सही मी करणार नाही. तेवढं मात्र माझं स्वतःचं आहे, ते कुणाच्या चिठ्ठीवरून उतरवलेलं नाही.

आत्या


३ मार्च

आत्या,

अठ्ठावीस तारीख उलटली. तिकडे काय झालं मला माहीत नाही. आधी इकडचं सगळं लिहिते, मग तू लिही.

तुझं पत्र घेऊन बाईंसमोर गेले आणि पहिलंच वाक्य म्हटलं, "तिथे माझी आत्या आहे." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, तपासणी पुन्हा होईल, पण तू हात लावायचा नाहीस. शेजारच्या टेबलावरचा सहकारी सगळं करेल, तू फक्त सांगायचंस की काय शोधायचं. पाठीमागे हात बांधून उभी होते मी, शाळेतल्यासारखी.

बरणी आमच्याकडे होती, पण तिच्यात मोजपट्ट्या आणि पेनं ठेवली होती. ती घासून घेतली. प्लेटा कपाटाच्या तळाशी सापडल्या. एकाच प्लेटवर चार थेंब ठेवले, शेजारी शेजारी. पहिला, गोळ्यांची पूड तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये हलवून घेतलेला अर्क. दुसरा, मावशींच्या कापसावरचं तेल. तिसरा ऐक. कॉलममध्ये घालण्याआधी आम्ही नमुना पाणी मिसळलेल्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून बारीक गाळणीतून गाळतो, कॉलम तुंबू नये म्हणून. सहकाऱ्याने नव्या नमुन्याची गाळणी तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटने धुऊन ते धुवण तिसऱ्या जागी ठेवलं. चौथा, कॉलम कडक सॉल्व्हंटने धुऊन खालून जमवलेले थेंब.

प्लेट दोघांनी वाचली, त्याने आणि बाईंनी, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर. ही तुझी पद्धत मी सुचवली. दोन्ही चिठ्ठ्यांवर वरच्या कडेला चार गोल होते. चौथा पुसट, पण होता. मी प्लेट सगळ्यांत शेवटी पाहिली.

म्हणजे बरंचसं तेल मी माझ्याच हाताने गाळून टाकलं होतं. जे गाळणीतून सुटलं ते कॉलममध्ये चिकटून बसलं, कारण तेलाला तुझ्या प्लेटवरची पूड आवडत नाही म्हणून ते वर पळतं, आणि माझ्या कॉलममधली पूड फार आवडते म्हणून ते तिथून हलत नाही. कॉलम धुताना बाहेर आलं तेव्हाही आलेखावर रेघ सपाटच राहिली. त्या तेलाला अतिनील प्रकाश शोषता येत नाही, तर दिव्याला दिसणार कसं? मैदानाबद्दल तू विचारत होतीस. मैदानात सगळं होतं.

माझा रिपोर्ट खोटा नव्हता. औषध त्यात जितकं लिहिलंय तितकंच आहे, आणि ते तुझ्या प्लेटला कधी सांगता आलं नसतं. पण "इतर काही आढळले नाही" असं मी लिहिलं होतं. तिथे "या पद्धतीने" हे दोन शब्द हवे होते. दुरुस्तीचा रिपोर्ट काल मालकांकडे गेला. माझं प्रोबेशन तीन महिने वाढवलं, नातं लपवल्याबद्दल. बाई म्हणाल्या, चुकीबद्दल नाही, लपवल्याबद्दल. मी हो म्हटलं.

मावशींना नमस्कार सांग. आणि तुझं सांग.

मुंगी


९ मार्च

मुंगे,

प्रोबेशनचं वाचून वाईट वाटलं. मला ओळखू नकोस हे मीच लिहिलं होतं, तेव्हा त्यातली अर्धी शिक्षा माझी आहे.

अठ्ठावीसला मी किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले. सकाळी उठून कुठे जायचं नाही हे अंगवळणी पडेना, तर चार दिवस तोच डबा घासत बसले. पाच तारखेला तुमचा रिपोर्ट त्यांना मिळाला. त्याच दिवशी मिक्सर उघडला. गिअरचं रबरी सील चिरलं होतं, दर फेरीला थेंबभर तेल आत जात होतं. सगळी बॅच कुलपात गेली. सहा तारखेला मालक स्वतः घरी आले. दारात उभं राहून चपला काढू की नको असं करत होते. म्हणाले, "बाई, किल्ली आणलीय."

मी त्यांना आत बसवलं आणि म्हटलं, आधी ऐका, मग किल्ली द्यायची का ते ठरवा. आठ महिन्यांचं सगळं सांगितलं. ते ऐकून बिचारे खुर्चीत मागे रेलले. मग म्हणाले, "म्हणजे आमचं डोकं चालत नव्हतं आणि तुमचे डोळे, आणि कारखाना बाटल्या धुणाऱ्या बाईंवर चालला होता." मी म्हटलं, अगदी बरोबर.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोळा तारखेला आहे. तोवर आणि नंतरही महिनाभर खोली बंद, सगळे नमुने तुमच्याकडे. किल्ली त्यांनी मावशीकडे दिली. हे पत्र दादाकडून लिहून घेतेय, त्याचं अक्षर तुला ठाऊक आहे. त्याने काही मधेच घातलं असेल तर ते माझं समजू नकोस.

आत्या

(मी काहीही घातलेलं नाही. बाबा)


६ एप्रिल

मुंगे,

बघ, ओळी सरळ आहेत. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा डॉक्टरांच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं आणि मी ते त्यांना सांगितलं. मग घरी येऊन आरशात पाहिलं. ते नसतं दिसलं तरी चाललं असतं.

आता नीट वाच, हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली त्या दिवशी मी खोलीत गेले, वही काढली आणि त्या आठ महिन्यांच्या सगळ्या प्लेटा एकेक करून वाचल्या. वहीत प्लेट चिकटवलेली असते, शेजारी दोन चिठ्ठ्या. त्रेसष्ट प्लेटा. बासष्ट जुळल्या. जिथे मावशीचा गोल, तिथे मला डाग दिसला.

एक जुळली नाही. नोव्हेंबरची, याच तापाच्या गोळ्यांची. मावशीच्या चिठ्ठीवर वरच्या कडेला गोल आहे. माझ्या चिठ्ठीवर नाही, आणि वहीत माझ्या अक्षरात "स्वच्छ", खाली सही. मला तो दिवस आठवतो. बाहेर मालवाहू गाडीचं इंजिन चालू होतं, मला तिच्या पेन्सिलीचा आवाज नीट ऐकू आला नाही. मी अंदाजाने चिठ्ठी केली. चिठ्ठ्या जुळत नाहीत हे दिसायला डोळे लागतात, ते नव्हते. आज प्लेट पाहिली. डाग आहे. ती बॅच चार महिन्यांपूर्वी गेली. मुलांनी खाल्लीसुद्धा असेल.

मालकांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी दुकानांत उरलेला माल थांबवलाय आणि रुग्णालयाला कळवलंय. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मला दोन रात्री झोप नाही. तेव्हा एक डाग अडवला म्हणून मी केवढी मान ताठ केली होती, मुंगे, आणि दुसरा मीच हाताने सोडला होता.

प्लेट आणि त्या बॅचमधून नियमाने बाजूला ठेवलेली राखीव बाटली पाठवते आहे. बाईंना आधी सांग की ती कुणाकडून आली. कॉलम लावा, प्लेट लावा, गाळणी धुवा, सगळं करा. जे निघेल तेच लिही.

आत्या


१२ एप्रिल

आत्या,

आधी निकाल. राखीव बाटलीतल्या गोळ्या स्वच्छ आहेत. कॉलमवर स्वच्छ, प्लेटवर स्वच्छ, गाळणी धुतली तरी स्वच्छ, कॉलम धुतला तरी स्वच्छ. तीन वेगवेगळ्या गोळ्यांचा अर्क प्लेटवर लावला, दोघांनी वेगळी वाचली, कुणाच्याच चिठ्ठीवर वर गोल नाही. मी या वेळीही हात लावला नाही, नातं पहिल्याच ओळीत लिहिलं. रिपोर्ट मालकांना आजच गेला. मुलांनी खाल्लं ते औषधच होतं. आता खाली बस आणि पाणी पी.

प्यालीस? मग पुढचं वाच.

गोळ्या स्वच्छ, तर तुझ्या नोव्हेंबरच्या प्लेटवरचा डाग कशाचा, हे कुणाला सांगता येईना. तेलाचा डाग खालून चढत येतो, त्याला गोल आकार असतो. हा आडवा होता, एका बाजूला पसरट. बाईंनी भिंग मागवलं. भिंगातून रेषा दिसल्या. बारीक, वळणावळणाच्या, एकात एक. आणि त्यांच्या मधून आडवी गेलेली एक सरळ खूण.

मी टेबलाच्या खणातून तुझं चार फेब्रुवारीचं पत्र काढलं, कोपऱ्यात शाईचा अंगठा असलेलं, आणि प्लेटशेजारी ठेवलं. बाईंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. त्या कधी हसत नाहीत. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर गेल्या.

बरणीतून प्लेट बाहेर काढताना तुला कड दिसली नाही, आत्या. तू ती थरावरच धरलीस. फवारा मारला तेव्हा तुझा अंगठाही उमटला.

माझी पाच बोटं महिनाभर भिंतीवर होती. मी तुझं एकच टांगणार आहे, माझ्या यंत्राच्या वर. परत मागू नकोस.

तुझी,
मुंगी


१७ एप्रिल

मुंगे,

तुझं पत्र कारखान्यात उभ्यानेच वाचायला घेतलं आणि तू सांगितलंस तशी खाली बसले. पाणी मावशीने दिलं. रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. नव्या डोळ्याला एवढं चालतं का, हे डॉक्टरांना विचारायला हवं.

दुकानांतला माल मोकळा झाला. वहीत मी नोंद केली आहे, ती जशीच्या तशी लिहिते: "नोव्हेंबरची प्लेट. वरच्या कडेला डाग आहे, माझ्या अंगठ्याचा. दुसऱ्या वाचकाचे वाचन बरोबर. माझे चूक. गोळ्या स्वच्छ निघाल्या, पण मी स्वच्छ लिहिले ते न पाहता." दुसऱ्या वाचकाच्या जागी तिचं पूर्ण नाव घातलंय. इतकी वर्षं तिथे नुसतीच एक खूण असायची.

हे मावशीला वाचून दाखवलं. ती बाटली पुसत होती, पुसतच राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं बाई, तो तुमचा हात लागला होता. समोरच उभी होते मी. म्हणून तर गोल काढला. चिठ्ठी बघून तुम्ही विचाराल असं वाटलं होतं. तुम्ही विचारलंच नाही, तेव्हा कळलं की तुम्हाला दिसत नाही. मग बोलून दाखवायचा जीव झाला नाही माझा."

म्हणजे नोव्हेंबरपासून तिला सगळं ठाऊक होतं. मी जपून लपवत होते, आणि ती माझ्याहून जपून. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी जीव झाला नाही तरी बोलायचं. ती म्हणाली, "तुम्हीपण."

प्लेट भिंतीवर टांग. खुशाल टांग. खाली तारीख घाल म्हणजे नवीन येणाऱ्यांना कळेल.

आज खोली उघडल्यावरची पहिली बॅच वाचली. ती खिडकीपाशी बसली, मी दाराशी, पाठीला पाठ करून. मालवाहू गाडी बाहेर गुरगुरत होती, तिच्या पेन्सिलीचा आवाज मला ऐकू आला नाही आणि ऐकायची गरजही नव्हती. चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. जुळल्या. सही तिने आधी केली, मग मी केली.

आत्या